दर महिन्याला तीच वॉर्निंग: आरमध्ये आकड्यांचा कॉलम कॅरेक्टर होऊन येतो तेव्हा

महिना बदलतो, नवी फाइल येते आणि मागच्या महिन्यात व्यवस्थित चाललेली, आर ह्या आकडेवारीच्या प्रोग्रॅमिंग भाषेतली स्क्रिप्ट पुन्हा अडते. मोजमापाचा कॉलम न्यूमेरिक (आकडे) यायला हवा, तो कॅरेक्टर (मजकूर) होऊन येतो. ‘ॲज डॉट न्यूमेरिक’ लावलं की कन्सोलवर ‘एनएज इंट्रोड्यूस्ड बाय कोअर्शन’ ही ओळ उमटते, म्हणजे ज्यांचा आकडा करता आला नाही त्यांचा एनए (किंमत नाही) झाला. मग कुठूनतरी ‘जीसब’ची (मजकुरात शोधून बदलणाऱ्या फंक्शनची) एक ओळ उचलून चिकटवायची आणि त्या दिवसापुरतं भागवायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तीच वॉर्निंग, फक्त कारण वेगळं.

मी पाण्याच्या तपासणीचे तक्ते साफ करते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांकडून फाइली येतात आणि प्रत्येकीची लिहायची तऱ्हा वेगळी. वरची अडचण मी कित्येक वेळा ‘सोडवली’ आणि ती तितक्याच वेळा परत आली. ती का परत येत होती आणि आता का येत नाही, ते इथे सविस्तर लिहिते. तुमचा डेटा पाण्याचा असो, सर्वेक्षणाचा असो की यंत्राच्या नोंदींचा, गुंता साधारण सारखाच असतो. फंक्शनची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; कन्सोलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

वॉर्निंग दाबू नका

सगळ्यात आधी हे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ‘सप्रेस वॉर्निंग्ज’मध्ये गुंडाळून टाकलं की लाल ओळ दिसत नाही. पुढे ‘मीन’ने सरासरी काढताना ‘एनए डॉट आरएम’ ट्रू केलं की एनएसुद्धा आड येत नाहीत. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की स्क्रिप्ट मुकाट्याने चुकीचं उत्तर देते.

हे माझ्याच हातून झालं आहे. एका घटकाची सरासरी तीन महिने वाढलेली दिसत होती. प्रत्यक्षात पाणी बिघडलेलं नव्हतं. एका प्रयोगशाळेने उपकरणाला मोजता येईल त्या मर्यादेखालची नोंद ‘०.०५पेक्षा कमी’ ह्या अर्थाने, म्हणजे ‘<०.०५’ अशी लिहायला सुरुवात केली होती. आरला तो आकडा वाटेना, त्याचा एनए झाला, आणि सरासरी काढताना तो गळून पडला. म्हणजे नेमक्या सगळ्यात चांगल्या नमुन्यांच्या नोंदी वगळून मी उरलेल्यांची सरासरी काढत होते.

पाच नोंदींवर हे करून बघा. ०.२०, ०.३०, ०.१० आणि दोन वेळा ‘<०.०५’. ‘कमी’वाल्या दोन्ही गळाल्या तर उरलेल्या तिघींची सरासरी ०.२० येते. त्या दोन्ही शून्य धरल्या तर ०.१२, आणि पुरत्या ०.०५ धरल्या तर ०.१४. म्हणजे खरं उत्तर ०.१२ आणि ०.१४ यांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि आपण छातीठोकपणे ०.२० सांगतो आहोत. गणित बरोबर, फंक्शन बरोबर, आणि अहवाल चूक.

तेव्हापासून मी ह्या वॉर्निंगकडे वेगळ्या नजरेने बघते. ती सांगत असते की इथे कुणीतरी काहीतरी लिहिलं होतं आणि ते आता पुसलं गेलं. पुसण्याआधी ते वाचायला हवं.

कोण गळालं ते आधी बघा

मूळ कॉलमला हात लावू नका. ‘ॲज डॉट न्यूमेरिक’ केलेला कॉलम नव्या नावाने शेजारी ठेवा. मग मूळ कॉलममधल्या अशाच नोंदी वेगळ्या काढा, ज्या नव्या कॉलममध्ये एनए झाल्या आहेत पण मुळात एनए नव्हत्या. दोन्ही कॉलमना ‘इज डॉट एनए’ लावून हे एका ओळीत होतं. त्या नोंदींना ‘टेबल’ लावा आणि ‘सॉर्ट’ने उतरत्या क्रमाने मांडा. अशी काहीशी यादी हातात येते:

<०.०५ — ३८ वेळा
एनडी — ११ वेळा
१,२४० — ६ वेळा
०.१२ — ४ वेळा
–०.३ — ३ वेळा
कोरडं — १ वेळा

हजारो ओळींच्या फाइलमध्येही ही यादी बहुतेक वेळा दहा-पंधरा ओळींपलीकडे जात नाही. सगळी साफसफाई ह्या यादीवर करायची, फाइलवर नाही. आता एकेक घेऊ.

‘<०.०५’ हा आकडाही आहे आणि त्याबद्दलची एक माहितीही. त्याचे दोन कॉलम करावे लागतात: एकात ०.०५, दुसऱ्यात ‘मर्यादेखाली’ अशी खूण. त्याऐवजी काय धरायचं, मर्यादेचा निम्मा आकडा की आणखी काही, हा विश्लेषणाचा निर्णय आहे. तो साफसफाईच्या स्क्रिप्टमध्ये गुपचूप घ्यायचा नाही. इथेच ‘रीडर’ पॅकेजमधल्या ‘पार्स नंबर’बद्दल सावध करते. ते फंक्शन आकड्याच्या आजूबाजूची अक्षरं सोडून देतं, म्हणून फार सोयीचं वाटतं. पण ‘<०.०५’ दिलं तर ते ०.०५ परत करतं, आणि ‘१२-१५’ असा पल्ला दिला तर नुसते १२. वॉर्निंग नाही, एनए नाही. यादी रिकामी झाली म्हणून आपण खूश होतो आणि माहिती मात्र गेलेली असते. ‘पार्स नंबर’ वापरायचंच असेल तर ही यादी एकदा डोळ्यांखालून घातल्यावर वापरा.

‘एनडी’ म्हणजे सापडलं नाही. हे शून्यही नाही आणि ‘तपासलं नाही’ही नाही. ज्यांनी लिहिलं त्यांनाच विचारायचं की त्या दिवशीची मोजमापाची मर्यादा किती होती. ती कळली की ‘एनडी’ आणि ‘<०.०५’ एकाच रांगेत बसतात.

‘१,२४०’मधला स्वल्पविराम काढणं सोपं आहे, पण आंधळेपणाने नको. युरोपातल्या अनेक देशांत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. तिथल्या फाइलीत ‘१,२४०’ म्हणजे एक पूर्णांक चोवीस शतांश, आणि तुम्ही त्याचे एक हजार दोनशे चाळीस करून बसाल. अशा फाइलींसाठीच आरमध्ये ‘रीड डॉट सीएसव्ही टू’ आहे: ते कॉलम अर्धविरामाने तोडतं आणि दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम धरतं. एकाच कॉलममध्ये टिंब आणि स्वल्पविराम दोन्ही दिसले तर थांबा आणि ती फाइल कुठल्या मशीनवर तयार झाली ते विचारा.

न दिसणारी अक्षरं

आता यादीतली सगळ्यात त्रासदायक ओळ: ‘०.१२’. हा तर धडधडीत आकडा आहे, मग एनए का झाला?

त्यातली एक नोंद उचला आणि ‘यूटीएफ एट टू इंट’ ह्या फंक्शनला द्या. ते प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक सांगतं. उत्तर आलं: ४८, ४६, ४९, ५०, १६०. पहिले चार म्हणजे शून्य, टिंब, एक आणि दोन. शेवटचा १६० म्हणजे नॉन-ब्रेकिंग स्पेस, तिथे ओळ तुटू न देणारी. वेबपेजवरून किंवा वर्डच्या तक्त्यातून कॉपी केलेल्या मजकुराबरोबर ती चिकटून येते. पडद्यावर साध्या स्पेससारखीच दिसते, पण आर तिला साधी स्पेस मानत नाही. साधी स्पेस आकड्याच्या पुढेमागे असेल तर ‘ॲज डॉट न्यूमेरिक’ ती खपवून घेतं; हिला सहसा नाही.

इथे बरेच जण ‘ट्रिम डब्ल्यूएस’ लावतात, काही फरक पडत नाही आणि मग डोकं धरून बसतात. कारण ‘ट्रिम डब्ल्यूएस’ आपणहून फक्त साधी स्पेस, टॅब आणि ओळ बदलायची दोन चिन्हं एवढंच काढतं. त्याला ‘व्हाइटस्पेस’ ह्या आर्ग्युमेंटमध्ये चौकटी कंसात दुहेरी बॅकस्लॅश एच आणि दुहेरी बॅकस्लॅश व्ही असा पॅटर्न द्यावा लागतो, म्हणजे ते युनिकोडमधल्या स्पेसही ओळखतं. किंवा ‘स्ट्रिंगआर’ पॅकेजमधलं ‘एसटीआर स्क्विश’ वापरा. ते कडेच्या स्पेस काढतं आणि मधल्या अनेक स्पेसची एक करतं, नॉन-ब्रेकिंगसकट.

तरीही काही उरतंच. ८२०३ क्रमांकाची शून्य रुंदीची स्पेस नावाला स्पेस आहे, पण युनिकोड तिला व्हाइटस्पेसमध्ये मोजत नाही, म्हणून ती वरच्या दोन्ही उपायांना दाद देत नाही. तिला नाव घेऊनच काढावं लागतं. ६५२७९ हा क्रमांक दिसला तर तो बीओएम, म्हणजे फाइलच्या अगदी सुरुवातीला एक्सेलसारखे प्रोग्रॅम ठेवतात ती खूण. ही बहुतेकदा पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटते. नाव बरोबर टाइप केलंय, तरी आर म्हणतं की असा कॉलमच नाही, असं झालं तर पहिला संशय हिच्यावर. ‘रीड डॉट सीएसव्ही’मध्ये ‘फाइल एन्कोडिंग’ला ‘यूटीएफ-एट-बॉम’ दिलं की ती निघते.

‘–०.३’चं दुखणं ह्याच जातीचं. ते उणे चिन्ह नाहीच, ८२११ क्रमांकाचा एन डॅश आहे. वर्ड प्रोसेसर टाइप करता करता साध्या रेघेचा तो आपोआप करतो. काही ठिकाणी ८७२२ क्रमांकाचं गणिती उणे चिन्ह सापडतं. ते गणिताच्या दृष्टीने अगदी शुद्ध असलं तरी आरला कीबोर्डवरची साधी आडवी रेघच लागते.

आणि देवनागरी अंक. ह्या लेखात मी अंक देवनागरीत लिहिले आहेत. हेच अंक तुमच्या सीएसव्हीत (स्वल्पविरामाने कॉलम तोडलेल्या फाइलीत) असतील तर आर त्यांना आकडे मानणार नाही, सगळ्यांचा एनए करेल. उपाय एका ओळीचा आहे: ‘सीएचएआर टीआर’ ह्या फंक्शनला देवनागरी शून्य ते नऊची ओळ आणि इंग्रजी शून्य ते नऊची ओळ द्यायची, ते एकास एक बदलून देतं.

जिथे वॉर्निंगच येत नाही

आतापर्यंतच्या गोष्टी निदान ओरडून सांगतात. ज्यांचा आवाजच होत नाही त्यांची मला जास्त धास्ती वाटते.

तारखांचं एक उदाहरण जवळून बघू. ‘ॲज डॉट डेट’ला ‘०५/०६/२०२१’ दिलं आणि फॉरमॅट सांगितला नाही, तर एरर येत नाही. उत्तर येतं: इसवी सन ५, जून महिना, २० तारीख. कारण फॉरमॅट न सांगितल्यास ते आधी वर्ष-महिना-दिवस असं आडव्या रेघांनी आणि मग तिरक्या रेघांनी वाचून बघतं. ‘०५’ हे वर्ष, ‘०६’ महिना, ‘२०२१’मधले पहिले दोन अंक म्हणजे दिवस, आणि उरलेले दोन अंक सोडून दिले. म्हणून तारखेला फॉरमॅट सांगणं ही सवय नव्हे, अटच ठेवा. आणि तारखांचा कॉलम तयार झाला की लगेच ‘रेंज’ बघा. इसवी सन ५ तिथे लपत नाही.

ह्याहून वाईट प्रकार एक्सेलमधून येतो. समजा मूळ नोंदी दिवस/महिना/वर्ष अशा आहेत आणि फाइल महिना/दिवस/वर्ष सेटिंग असलेल्या मशीनवर कुणीतरी उघडून सेव्ह केली. ५ जून २०२१ची नोंद एक्सेलला ६ मे वाटते आणि ती खरीखुरी तारीख होऊन बसते. २५ जूनची नोंद मात्र त्याला तारीख वाटतच नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. ती मजकूर म्हणूनच राहते. आरमध्ये वाचल्यावर एकाच कॉलममध्ये ‘४४३२२’ आणि ‘२५/०६/२०२१’ असं दोन्ही दिसतं. ४४३२२ हा एक्सेलचा दिवस-क्रमांक आहे. ‘ॲज डॉट डेट’ला ‘ओरिजिन’ म्हणून १८९९-१२-३० दिलं की त्यातून ६ मे २०२१ मिळतं. (३१ डिसेंबर नाही आणि १ जानेवारीही नाही, ३० डिसेंबरच. एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतं, लोटस १-२-३ ह्या जुन्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी ती चूक तशीच ठेवली गेली, आणि तो जास्तीचा दिवस असा भरून काढावा लागतो.) पण इथे थांबलात तर फसलात. ६ मे ही तारीख आरने बरोबर काढली, ती मुळातच उलटी झालेली आहे. खरी नोंद ५ जूनची होती.

ओळखायचं कसं? कॉलममधल्या दिवस-क्रमांक झालेल्या नोंदी आणि मजकूर राहिलेल्या नोंदी वेगळ्या करा. मजकूर राहिलेल्या प्रत्येक तारखेत दिवस १२च्या वर असेल आणि क्रमांक झालेल्यांत एकाही तारखेचा दिवस १२च्या वर नसेल, तर काय झालं ते स्पष्ट आहे. क्रमांक झालेल्यांत दिवस आणि महिना यांची अदलाबदल करा. थोडीशीही शंका असेल तर मूळ फाइल मागवा, एक्सेलमध्ये न उघडलेली. जनुकशास्त्रात ह्याच आपोआप होणाऱ्या तारखांनी इतका उच्छाद मांडला की मानवी जनुकांची अधिकृत नावं ठरवणाऱ्या समितीने २०२०मध्ये काही जनुकांची नावंच बदलली: ‘मार्च वन’चं ‘मार्चएफ वन’ केलं, ‘सेप्ट वन’चं ‘सेप्टिन वन’.

बाकीचे मूक प्रकार थोडक्यात. ‘रीड डॉट सीएसव्ही’ला एखाद्या कॉलममध्ये फक्त ‘एफ’ हे अक्षर दिसलं, उदाहरणार्थ त्या फाइलमध्ये सगळ्या नोंदी स्त्रियांच्याच असल्या, तर ‘एफ’ म्हणजे ‘फॉल्स’ असं समजून ते सगळ्याचं ‘फॉल्स’ करून टाकतं. नामिबियाचा दोन अक्षरी देश-कोड ‘एनए’ आहे. देशांच्या यादीत नामिबिया हरवलेला आढळला तर तो इथे गेला असं समजा. ‘००१२३’ हा नमुना-क्रमांक १२३ होतो. ‘१२ई३’ असा क्रमांक तर बारा हजार होतो, कारण ‘ई’ म्हणजे आरच्या लेखी दहाचा घात. नमुना-क्रमांक, पिनकोड, फोन नंबर ह्यांची बेरीज आपण कधीच करत नाही, तेव्हा ते आकडे नव्हेतच. वाचतानाच त्यांना कॅरेक्टर सांगा.

जुन्या स्क्रिप्ट वापरत असाल तर फॅक्टरचा सापळाही तपासा. एप्रिल २०२०मध्ये आर ४.०.० आलं तोवर ‘रीड डॉट सीएसव्ही’ मजकुराचा आपणहून फॅक्टर, म्हणजे वेगवेगळ्या किंमतींना (लेव्हलना) क्रमांक देऊन साठवलेला कॉलम, करत असे. फॅक्टरला थेट ‘ॲज डॉट न्यूमेरिक’ लावलं तर किंमत मिळत नाही, लेव्हलचा क्रमांक मिळतो. १०, ९ आणि १०० ह्यांचा फॅक्टर केला तर अक्षरक्रमाने लेव्हल लागतात १०, १००, ९ आणि उत्तर येतं १, ३, २. आधी ‘ॲज डॉट कॅरेक्टर’, मग ‘ॲज डॉट न्यूमेरिक’.

ओळीच गायब

कधी कधी किंमती नाही, आख्ख्या ओळीच कमी भरतात. फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून कॉलमच्या नावांची ओळ सोडून बाकीच्या ओळी मोजा आणि ‘एनरो’शी, म्हणजे आरने वाचलेल्या ओळींच्या संख्येशी, ताडून बघा. फरक असेल तर बहुतेक वेळा दोष एका अवतरणचिन्हाचा. ‘रीड डॉट टेबल’ एकेरी अवतरणचिन्हालाही मजकुराची सुरुवात समजतं. शेऱ्याच्या कॉलममध्ये कुणी इंग्रजीतला ॲपॉस्ट्रॉफी लिहिला की पुढचं तसंच चिन्ह सापडेपर्यंतच्या सगळ्या ओळी एका खान्यात कोंबल्या जातात. हॅशचंही तसंच, त्याच्या पुढचा मजकूर ते टिप्पणी समजून सोडून देतं. ‘कोट’मध्ये फक्त दुहेरी अवतरण ठेवा आणि ‘कॉमेंट डॉट सीएचएआर’ रिकामं करा. नेमकी कुठली ओळ बिघडली ते ‘काउंट डॉट फील्ड्स’ सांगतं: बाकी सगळ्या ओळींत नऊ खाने आणि एकीतच सात, असं दिसलं की तिथेच बघायचं.

नावं सारखी दिसतात पण जुळत नाहीत

मोजमापांचा तक्ता आणि ठिकाणांचा तक्ता ठिकाणाच्या नावावरून जोडायचा असतो. ‘मर्ज’ केलं की ओळी घटतात, कारण न जुळलेल्या ओळी ते आपणहून टाकून देतं. म्हणून जोडण्याआधी नेहमी ‘डीप्लायर’मधलं ‘अँटी जॉईन’ चालवा. कोण जुळणार नाही त्यांचीच यादी मिळते. एनएची मेखही इथेच आहे. दोन्ही तक्त्यांत नाव रिकामं असलेल्या ओळी असतील तर ‘मर्ज’ आणि ‘लेफ्ट जॉईन’ दोन्ही एनएला एनए जुळलं असं मानतात, आणि कुठल्याच ठिकाणाची नसलेली नोंद भलत्याच ठिकाणाला चिकटते.

न जुळणाऱ्या नावांत स्पेस आणि डॅशचे वर सांगितलेले प्रकार असतातच. पण मराठीत लिहिलेल्या नावांत आणखी एक गंमत आहे, जी मला इंग्रजी मदत-पानांवर कुठे सापडली नाही. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य: क्रमांक २३५३, २३८१, २३५१. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक आणि य: २३५२, २३८१, ८२०५, २३५१. पडद्यावर ‘ऱ्य’ आणि ‘र्‍य’ एकसारखेच दिसतात. आरच्या लेखी दोन वेगळे शब्द.

स्ट्रिंगी पॅकेजमधलं ‘स्ट्री ट्रान्स एनएफसी’ लावून युनिकोड एकसारखं करणं चांगलंच. र आणि वेगळा नुक्ता असं लिहिलेलं ते एकसंध ऱमध्ये जोडून देतं. पण वरच्या दोन रूपांना ते एक करत नाही. आणि इथे न दिसणारी अक्षरं सरसकट उडवायची ती ‘जीसब’ची ओळ लावलीत तर घात होतो: जोडक गेला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्या गेल्या आणि समुद्र आला! म्हणून जोडक पुसायचा नाही, बदलायचा. साधा र, हलन्त आणि जोडक हा तिघांचा गट जिथे सापडेल तिथे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त ठेवायचा. हे जोडणीच्या आधी दोन्ही तक्त्यांवर करा.

परत येऊ नये म्हणून

इतकं सगळं दुरुस्त करूनही अडचण परत येत होती, कारण मी दर वेळी त्या महिन्याच्या फाइलची दुरुस्ती लिहीत होते. आरने कॉलमचा प्रकार ओळखावा अशी अपेक्षा होती, आणि तो ओळख नव्हे, अंदाज असतो. ‘रीड सीएसव्ही’ असो की ‘रीड एक्सेल’, आपणहून जास्तीत जास्त एक हजार ओळींवरून प्रकार ठरतो. ‘रीड एक्सेल’ला पहिल्या हजार ओळींत कॉलम रिकामाच दिसला तर ते त्याला लॉजिकल (नुसतं ट्रू-फॉल्स) ठरवतं आणि पुढचा मजकूर एनए करून टाकतं.

आता मी सगळे कॉलम कॅरेक्टर म्हणूनच वाचते. ‘रीड डॉट सीएसव्ही’मध्ये ‘कोल क्लासेस’ला कॅरेक्टर, ‘रीड सीएसव्ही’मध्ये ‘कोल टाइप्स’च्या आत ‘डॉट डिफॉल्ट’ कॅरेक्टर. रिकाम्या खान्याशिवाय कशालाच एनए मानायचं नाही, असंही वाचतानाच सांगते. आलेला तक्ता जसाच्या तसा ठेवते, त्याच्यावर कधीच काही लिहीत नाही.

दुसरं, किंमतींचा अर्थ स्क्रिप्टमध्ये न लिहिता एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवते. तिच्यात तीन कॉलम: जसं लिहून आलं ते, त्याचा अर्थ, आणि तो कुणाला विचारून ठरवला. ‘एनडी’ म्हणजे मर्यादेखाली. ‘–’ नुसतंच असेल तर नमुना घेतला नाही. ‘कोरडं’ म्हणजे त्या दिवशी पाणीच नव्हतं. ही नोंद मोजमाप म्हणून रिकामी असली तरी माहिती म्हणून फार मोलाची आहे, ती शेऱ्याच्या कॉलममध्ये जाते. मर्यादेखालच्या नोंदींचा नमुना, म्हणजे आधी ‘<’ आणि मग आकडा, हा एक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा साचा) म्हणून लिहिलेला आहे.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: आकडा नाही, ‘<’वाला नमुना नाही आणि त्या छोट्या फाइलमध्येही नाही, अशी एकही नोंद सापडली तर स्क्रिप्ट थांबते. अंदाज करत नाही, एनए करत नाही, पुढे जात नाही. ‘स्टॉप’ने ती नोंद, तिचा ओळ-क्रमांक आणि फाइलचं नाव छापते. त्याच ठिकाणी आणखी तीन तपासण्या आहेत: ओळींची संख्या एडिटरमधल्या संख्येइतकी आहे ना, सगळ्या तारखा त्याच महिन्यातल्या आहेत ना, आणि ‘अँटी जॉईन’ रिकामं आहे ना. एक सवय इथेच सांगते: ‘टेबल’ लावताना ‘यूज एनए’ला ‘इफ एनी’ देत जा, नाहीतर ते एनए मोजतच नाही आणि आपल्याला सगळं आलबेल वाटतं.

सुरुवातीचे दोन-तीन महिने स्क्रिप्ट सारखी थांबते आणि कंटाळा येतो. तेव्हा अट सैल करू नका. प्रत्येक थांब्याला त्या छोट्या फाइलमध्ये एक ओळ वाढते, आणि ती गोष्ट पुन्हा कधी विचारावी लागत नाही.

मागे एकदा बऱ्याच महिन्यांनी स्क्रिप्ट थांबली. जिवाणूंच्या संख्येच्या कॉलममध्ये एकच नवी नोंद होती: ‘टीएनटीसी’. मला अर्थ माहीत नव्हता म्हणून प्रयोगशाळेत फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं, बशीत इतक्या वसाहती उगवल्या होत्या की मोजताच येईनात, मोजता न येण्याइतक्या असतील तर असं लिहितात. म्हणजे त्या महिन्यातला सगळ्यात दूषित नमुना तो होता. त्या दिवशी छोट्या फाइलमध्ये मी एक ओळ वाढवली, ‘मर्यादेच्या वर’ अशी नवी खूण केली, आणि त्या ठिकाणाचं पाणी पुन्हा तपासायला सांगून मगच स्क्रिप्ट पुढे चालवली.